नव्या कॅमेऱ्याचा संसार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून नावाजलेले राजा दीनदयाळ चित्रे घेण्यास निघत, तेव्हा त्यांच्याबरोबर काचेच्या जड पट्ट्यांच्या पेट्या, भलामोठा लाकडी कॅमेरा आणि तो उभा करावयाची तिवई असा लवाजमा असे. नांदेड व लातूर ही दोन्ही गावे त्या वेळी हैदराबाद संस्थानात होती व 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तेथेच राहिली. त्या काळच्या छायाचित्रकाराला सामानात निवड करण्याची सोयच नव्हती. तिवई विसरली तर चित्र हलणार, काचेची पट्टी फुटली तर चित्र मुळातच नाही. त्यामुळे जे बरोबर घ्यावयाचे ते सर्व आवश्यकच असे.

आजची स्थिती नेमकी उलट आहे. दसऱ्यास किंवा पाडव्यास घरी आणलेला नवा कॅमेरा पेटीतून काढला, त्यात बॅटरी व कार्ड घातले, की तो काम करू लागतो. बाकीचे सारे सामान ऐच्छिक झाले, आणि ऐच्छिक झाले म्हणूनच त्याची निवड अवघड झाली. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत, किंबहुना कोणत्याही शहराच्या पेठेत, कॅमेऱ्याबरोबर एखादे ‘किट’ पुढे येते. त्यात वीतभर उंचीची तिवई, पुसण्याच्या द्रवाची कुपी, भिंगावर चढवावयाची दोनतीन रंगीत काचा आणि मूळ भिंगाला अधिक रुंद दृष्टी देण्याचे आश्वासन देणारे एक जोडभिंग असते. वस्तू पुष्कळ दिसतात व किंमत थोडी वाटते. परंतु वर्षाअखेर पाहावे, तर त्यांतील बहुतेक कपाटाच्या तळाशी पडलेल्या असतात. जोडभिंगाने तर चित्राच्या कडा अशा धुरकट होतात की, ते काढून ठेवणे हाच त्याचा उत्तम उपयोग ठरतो.

याचे कारण निवडीचा आरंभच चुकीच्या टोकाकडून होतो. दुकानात काय मिळते हे पाहून सामान घेतले जाते. वास्तविक पाहता प्रश्न असा हवा, की ज्या प्रदेशात व ज्या ऋतूत हा कॅमेरा वापरावयाचा, तेथे चित्र कशामुळे बिघडते अथवा हातचे जाते? हिमाचलात राहणाऱ्याचे उत्तर एक असेल, कोकणात राहणाऱ्याचे दुसरे. मराठवाड्यात पाच गोष्टी चित्राच्या आड येतात. उन्हाळ्याची उष्णता, आठ महिन्यांची धूळ, चार महिन्यांची ओल, डोक्यावरचे कडक ऊन आणि काळ्या दगडाच्या देवळांतला व लेण्यांतला अंधार. ज्या वस्तूला यांपैकी एकाशीही झुंजावयाचे नाही, ती वस्तू पहिल्या वर्षी न घेतलेली बरी.

उष्णतेपासून आरंभ करावा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, जी पाने कोणी वाचीत नाही त्यांत, एक ओळ असते. हे यंत्र 0 ते 40 अंश सेल्सिअस तापमानात वापरावे, अशा अर्थाची ती ओळ. नांदेड-लातूरकडे एप्रिल व मे महिन्यांत सावलीतला पाराच 40 च्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर तो त्याहून कितीतरी वर चढतो, आणि कॅमेऱ्याचे अंग बहुधा काळे, पिशवीही काळी. तेव्हा या भागातील पहिले उपयुक्त साधन म्हणजे स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाचा एक हातभर तुकडा. कॅमेरा हातात नसेल तेव्हा त्यावर तो टाकावा. हेच कापड पुढे आणखी दोन कामांसाठी लागेल.

उष्णतेचा खरा मार बसतो तो बॅटरीवर. लिथियम-आयन जातीची बॅटरी तापमान वाढले की लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत उष्ण जागी पडून राहिली तर आणखी लवकर. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत पडदा सतत पेटलेला असतो, त्यामुळे एका बॅटरीवर साधारण तीनचारशे चित्रे निघतात. लग्नाच्या एका दिवसाला ती अपुरी आहेत. म्हणून दुसरी बॅटरी ही चैनीची वस्तू समजू नये. ती मूळ कंपनीची घ्यावी. निम्म्या किमतीच्या नकली बॅटऱ्यांत किती शक्ती उरली हे कित्येकदा कॅमेऱ्याला समजतच नाही, आणि त्या फुगल्या तर कप्प्यात अडकून बसतात. दोहोंवर 1 व 2 असे आकडे चिकटवून आळीपाळीने वापराव्यात. महिना दोन महिने वापरावयाच्या नसतील, तर अर्ध्या भरून गार जागी ठेवाव्यात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा प्रवासाच्या आदल्या रात्रीवर विसंबू नये. दोन दिवस आधीच दोन्ही भरून घ्याव्यात.

बॅटरीनंतर कार्ड. येथे एक साधा हिशोब उपयोगी पडतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक कच्चे चित्र, म्हणजे ज्यास रॉ म्हणतात ते, 25 ते 30 मेगाबाइट जागा घेते. म्हणजे 64 गिगाबाइटच्या कार्डावर अशी सुमारे दोन हजार चित्रे मावतात. घरगुती वापरास हे भरपूर होते. तथापि 128 गिगाबाइटचे एक कार्ड घेण्यापेक्षा 64 ची दोन घ्यावीत, कारण एक बिघडले तर निम्मीच चित्रे जातात. चलच्चित्रे घ्यावयाची असतील, तर कार्डावर व्ही30 हे चिन्ह पाहावे. लिहिण्याचा वेग दर सेकंदास निदान 30 मेगाबाइट राहील, अशी ती ग्वाही असते. कार्डांतही नकली माल पुष्कळ. वर 128 छापलेले व आत प्रत्यक्षात त्याच्या चौथाईइतकीच जागा असलेले कार्ड प्रथम मुकाट्याने सर्व काही स्वीकारते, आणि पुढची चित्रे कोठेच लिहिली जात नाहीत. म्हणून नवे कार्ड घेतल्यावर, महत्त्वाच्या प्रसंगापूर्वी, ते एकदा काठोकाठ भरून व सर्व चित्रे पुन्हा उघडून पाहावे. हा अर्ध्या दिवसाचा कंटाळवाणा उद्योग मुलीच्या लग्नानंतरच्या पश्चात्तापापेक्षा परवडतो.

आता तिवईकडे, म्हणजे बाजारात ज्यास ट्रायपॉड म्हणतात त्याकडे वळावे. कारण अंधाराशी झुंजण्याचे तेच मुख्य साधन होय आणि खरेदीत सर्वांत अधिक चुका होतात त्याही त्यातच.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चित्र न हलता किती वेळपर्यंत घेता येते याचा एक जुना अडाखा आहे. भिंगाचे नाभ्यंतर जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून अधिक वेळ देऊ नये. लहान आकाराच्या संवेदकाला हे नाभ्यंतर दीडपट धरावे लागते. म्हणजे नव्या कॅमेऱ्याबरोबर येणारे 18 ते 55 मिलिमीटरचे भिंग पूर्ण पुढे काढले, तर सेकंदाचा ऐंशीवा भाग ही हाताची मर्यादा. आता औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांत दुपारी शिरावे. बाहेरच्या लखलखाटातून आत आल्यावर डोळे काही वेळाने सरावतात आणि भिंतीवरील रामायण-महाभारतातील प्रसंग हळूहळू दिसू लागतात. डोळ्यांना दिसले म्हणून कॅमेऱ्याला दिसले असे मात्र होत नाही. आतल्या कोपऱ्यात त्याला अर्धा सेकंद, एक सेकंद, क्वचित चार सेकंदही लागतात. भिंगात कंपनिरोधक योजना असेल, तर ती ऐंशीव्या भागाला दहाव्यापर्यंत, फार तर पाचव्यापर्यंत ओढून नेईल. पुढचे काम तिवईचेच. संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवून वेळ कमी करता येतो हे खरे. परंतु मग दगडावरील छिन्नीची बारीक रेघ आणि चित्रातील रवाळपणा यांतला भेदच नाहीसा होतो, आणि लेण्याचे चित्र घ्यावयाचे ते त्या रेघेसाठीच.

तिवई घेताना तिच्या उंचीचा आकडा पाहून भुलू नये. मधला दांडा न उचलता ती छातीपर्यंत आली तरी पुरे. तो दांडा उचलला, की तीन पायांची तिवई एका पायाची होते. पायांचे जितके तुकडे अधिक, तितका शेवटचा तुकडा बारीक व थरथरणारा; म्हणून चारपाच तुकड्यांच्या आटोपशीर तिवईपेक्षा तीन तुकड्यांची थोडी लांब तिवई या कामास बरी. पेटीवर लिहिलेली भारक्षमता आपल्या कॅमेरा व भिंगाच्या वजनाच्या दुप्पट तरी असावी. मधल्या दांड्याखाली आकडा असेल, तर फारच उत्तम. वाऱ्यात त्याला सामानाची पिशवी अडकविली, की स्वस्त तिवईही जागची हलत नाही. कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारी जी लहान चकती असते, ती हरवणे हा तिवईधारकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. ती चकती कॅमेऱ्यालाच लावलेली राहू द्यावी.

तिवईबरोबर दूरनियंत्रक, म्हणजे रिमोट, घेण्याचा आग्रह होतो. तो सध्या टाळावा. प्रत्येक कॅमेऱ्यात दोन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय असते, आणि बोट लावल्याने बसलेला हादरा तेवढ्यात शमतो. त्याचप्रमाणे एक सूचना विसरू नये. संरक्षित स्मारकांत तिवई लावण्यास बहुधा आगाऊ परवानगी लागते, देवस्थानांचे नियम आणखी वेगळे असतात, आणि नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे तर डोके झाकून व पादत्राणे उतरवूनच आत जावयाचे असते. कॅमेरा पिशवीतून काढण्यापूर्वी सेवेकऱ्यास विचारावे. नकार मिळाला तर कोठल्याही साधनाने त्यावर उपाय नाही.

रात्रीच्या चित्रांतही तिवईचे मोल कळते. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. संध्याकाळी ओळखीच्या एखाद्या घराच्या गच्चीवरून आठदहा सेकंदांचे चित्र घेतले, तर मधली वास्तू स्थिर राहते आणि सभोवार वाहनांच्या दिव्यांची वर्तुळे उमटतात. खाली रस्त्यात मात्र तिवई मांडू नये. तिच्या तीन पायांत पेठेतील येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय अडकतात, आणि बोलणी तिच्या मालकाला खावी लागतात.

धुळीचा विषय निघाला, की नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा आठवावी. मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार भरतो. हजारो खुरांखालून उठलेली धूळ आणि उधळलेला भंडारा यांनी हवा सकाळच्या तिरप्या उन्हात सोनेरी दिसते. छायाचित्रकाराला याहून सुंदर प्रकाश मिळणार नाही, आणि त्याच्या भिंगाला याहून वाईट हवा नाही. येथे उपयोगी पडते ती रबरी फुंकणी, म्हणजे ब्लोअर. भिंगावर धूळ बसली, की पुष्कळांचा हात उपरण्याच्या किंवा सदऱ्याच्या टोकाकडे जातो. त्याने धूळ पुसली जात नाही, काचेवरील पातळ लेपावर घासली जाते. तोंडाने फुंकणेही वाईट, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. प्रथम फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कुंचल्याने झटकावे आणि काही डाग उरलाच, तर मऊ सूक्ष्मतंतू कापडाने पुसावे. या तिन्ही वस्तू मिळून फार खर्च येत नाही. या यादीतील सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या वस्तू त्याच होत.

भिंग बदलणे यात्रेत टाळावे. बदलणे भागच असेल, तर वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे व ते पांढरे कापड वरून घ्यावे. त्या कापडाचे हे दुसरे काम.

भिंगापुढे कायमची बसविण्यासाठी जी पारदर्शक काच विकली जाते, जिला यूव्ही फिल्टर म्हणतात, तिच्यासंबंधी दोन तट आहेत. फिल्मच्या काळात अतिनील किरणांनी दूरचे डोंगर फिक्कट निळसर येत, आणि ही काच ते रोखी. आजच्या संवेदकासमोर तशी व्यवस्था आधीच असल्याने त्या अर्थाने तिचे काम संपले आहे. उरते ते रक्षणाचे. माळेगावच्या धुळीत, रंगपंचमीला किंवा नांदेडच्या होला मोहल्ल्यात उधळणाऱ्या गर्दीत ती अवश्य लावावी. पण रात्री दिव्यांचे चित्र घेताना ती काढून ठेवावी, कारण तिच्या दोन पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन दिव्याची भुते चित्रात दुसऱ्याच ठिकाणी दिसू लागतात. इतर दिवशी भिंगावरचे छत्र, म्हणजे लेन्स हूड, तिच्याहून अधिक कामाचे आहे. ते आडवे येणारे ऊन अडविते, भिंगावर बोटे पडू देत नाही, आणि कॅमेरा कोठे आपटलाच, तर पहिला तडाखा स्वतः घेते. मात्र कॅमेऱ्यातल्या अंगच्या फ्लॅशने चित्र घेताना ते काढावे. नाही तर चित्राच्या तळाशी अर्धचंद्राकार सावली पडते, आणि नवशिका मनुष्य कॅमेरा बिघडला म्हणून दुकानदाराकडे धाव घेतो.

ऊन या प्रदेशात कसे असते, हे भूगोलावरून कळते. लातूर सुमारे 18.4 अंश व नांदेड सुमारे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. मे हा तर लग्नसराईचा महिना. वधूवरांच्या मुंडावळ्यांची, फेट्याची व कपाळाची सावली सरळ डोळ्यांत उतरते, आणि चित्रात चेहऱ्यावर दोन काळे खळगे दिसतात. येथे त्या पांढऱ्या कापडाचे तिसरे काम निघते. ते कोणीतरी छातीच्या उंचीवर आडवे धरले, तर खालून परतलेला मऊ प्रकाश डोळ्यांत जातो. पेठेत यासाठी चंदेरी-सोनेरी घडीची तबकडी मिळते. ती चांगलीच असते, परंतु स्वच्छ धुतलेले धोतरही तेच काम करते आणि मांडवात ते मागितले तर कोणीही देते.

फ्लॅश घ्यावा की नाही, हे घरातील कार्ये किती यावर ठरवावे. अंगच्या फ्लॅशची शक्ती साधारण मार्गांक 12 इतकी असते. मार्गांकास भिंगाच्या छिद्राच्या आकड्याने भागले, की मीटरमध्ये अंतर मिळते. छिद्र 4 असेल, तर आयएसओ 100 वर 3 मीटर, इतकीच त्याची पोच. म्हणून लांबून व्यासपीठाचे चित्र घेताना पुढच्या रांगेतील लोकांची डोकी तेवढी उजळतात. स्वतंत्र फ्लॅश घेतला तर तो मान वर वळविता येणारा घ्यावा. खोलीतील पांढऱ्या छतावर त्याचा झोत टाकला, की प्रकाश पसरून मऊ होतो. मांडवात मात्र तसे करू नये. लाल-केशरी कापडावरून परतलेला प्रकाश सगळ्या वऱ्हाडाला केशरी करून सोडतो. आजोबांच्या काळातला एखादा फ्लॅश कपाटात असेल, तर तो नव्या कॅमेऱ्यावर चढवू नये. जुन्या कित्येक फ्लॅशांच्या संपर्कबिंदूवर इतका विद्युद्दाब असतो की, नव्या यंत्रातील नाजूक मंडल जळू शकते.

काळ्या दगडाचा प्रश्न प्रकाशाचा नसून अंदाजाचा आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावरील मूर्ती, किंवा निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर, यांसमोर कॅमेरा धरला, तर चित्रात काळा पाषाण राखी होऊन येतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे जग सरासरीने राखाडी आहे असे धरून चालतो, त्याला दगडाचा रंग ठाऊक नसतो. यावर 18 टक्के प्रकाश परत करणारा राखाडी पुठ्ठा, म्हणजे ग्रे कार्ड, मिळतो. मूर्तीवर पडणाऱ्या प्रकाशातच तो धरून त्यावरून माप घ्यावे व मग पुठ्ठा बाजूला करून चित्र घ्यावे. पाषाण काळाच येतो आणि त्यातील तुकतुकीही राहते. एखाद्या वहीच्या पुठ्ठ्याएवढी ही वस्तू दुकानदार स्वतः होऊन क्वचितच दाखवितो, कारण तिच्यात त्याला फारसे मिळत नाही.

रंगीत काचांपैकी एकच काच या जिल्ह्यांत मनापासून घेण्याजोगी आहे, आणि तिला रंग नाही. ती ध्रुवीकारक काच, म्हणजे पोलरायझर, होय. कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला पाण्याने भरलेल्या खंदकाने वेढलेला आहे. काठावरून पाहिले असता पाण्यावर आकाशाची पांढरी चकाकी पसरलेली असते व तटाच्या पायथ्याचे दगड दिसत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांच्या कोनात परतलेला प्रकाश जवळजवळ एकाच प्रतलात कंप पावत असतो. ही काच फिरवीत गेले, की एका ठिकाणी ती तो प्रकाश अडविते, चकाकी विरते आणि पाण्याचा हिरवा रंग व बुडालेल्या पायऱ्या वर येतात. पावसाने भिजलेल्या पानांवरही तिचा असाच परिणाम होतो, आणि हा परिणाम मागाहून संगणकावर आणता येत नाही. तिने प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. घेताना ‘सर्क्युलर’ असे लिहिलेली घ्यावी. साध्या प्रकारच्या काचेने काही कॅमेऱ्यांची स्वयंचलित केंद्रण-व्यवस्था गोंधळते. भिंगाच्या पुढे ø चिन्हापुढे जो आकडा असतो, 55, 58, 67 असा, त्याच मापाची काच बसते. पुढे मोठे भिंग घेण्याचा विचार असेल, तर मोठ्या मापाची काच घेऊन लहान भिंगासाठी एक कडी घ्यावी.

पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. त्याचे पाणी रेशमासारखे दिसावे, अशी ज्याची इच्छा असेल, त्याने प्रकाश आठ पटींनी कमी करणारी काळसर काच घ्यावी. ती हौसेची बाब आहे. पहिल्या वर्षी नको.

पावसाळ्यात धोका धबधब्यापेक्षा कपाटात अधिक असतो. मराठवाड्याची हवा कोकणाइतकी दमट नाही खरी, पण जुलै ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर टिकून राहते, आणि अंधारात बंद पडलेल्या भिंगाच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळिष्टक धरते. ते एकदा लेपात मुरले, की पुसून जात नाही. चामड्याची देखणी पेटी यात आणखी भर घालते, कारण चामडे ओल धरून ठेवते. उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या टाकाव्यात व कॅमेरा पिशवीबाहेर काढून त्यात ठेवावा. रंग बदलणारे दाणे घेतले, तर ते ओल पिऊन थकले हे दिसते. निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. मंद आचेवर भाजून ते पुन्हा पूर्ववत होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत व स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नयेत. आणखी एक गोष्ट म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वापरात असलेल्या भिंगाला बुरशी सहसा धरत नाही.

पिशवीविषयी फार बोलावयास नको. तिच्यात हे सामान मावावे, पावसाचे आवरण असावे, आणि ती दुरून कॅमेऱ्याची पिशवी वाटू नये.

राहिले ते साधन कॅमेऱ्याच्या दुकानात बहुधा कोणी दाखवीत नाही, आणि या सर्वांत त्याचेच मोल अधिक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि लगतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो माणसे गेली. घरांतील पेट्या, कपाटे आणि भिंतींवरच्या तसबिरी त्याच ढिगाऱ्यांत गेल्या. गेलेल्या माणसाची एकच तसबीर असावी आणि तीही त्याच्याच घराच्या भिंतीवर असावी, ही त्या पिढीतील खेड्यापाड्यांची सामान्य स्थिती होती. आज चित्राची दुसरी प्रत काढण्यास काहीच पडत नाही, आणि तरीही घरोघरी चित्रे एकाच संगणकात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अजून कार्डावरच असतात.

म्हणून दुसऱ्या भिंगाचा विचार मनात येण्याआधी दोन बाह्य डिस्का घ्याव्यात. कार्डावरची चित्रे घरच्या संगणकावर व पहिल्या डिस्कवर उतरावी, दोन्हीकडे उघडून पाहावी आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच नव्याने तयार करावे. दुसरी डिस्क त्याच घरात ठेवू नये. ती पुण्याच्या भावाकडे किंवा हैदराबादच्या बहिणीकडे राहावी, आणि दिवाळीत येणेजाणे झाले, की पहिलीशी तिची अदलाबदल करावी. ज्यांच्याकडे आंतरजालाची सोय चांगली आहे, त्यांनी एक प्रत तेथेही ठेवावी, पण तीवरच विसंबू नये. परवलीचा शब्द जाणणारा मनुष्य गेला, तर घरच्यांना ती कोठडी उघडता येत नाही. डिस्काही न वापरता पडून राहिल्या तर बिघडतात, तेव्हा वर्षातून एकदा लावून पाहाव्यात व पाचसहा वर्षांनी बदलाव्यात.

आणि वर्षाकाठी वीसपंचवीस निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. त्यांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, चित्रातील माणसांची नावे, गाव आणि तारीख लिहावी. शाईने लिहू नये. एकावर एक ठेवली असता शाईची अक्षरे खालच्या चित्राच्या तोंडावर उमटतात.